कोणाकडून आलं?

"आमच्या घराण्यात कुणालाच नाही हो. मग हे आलं कोणाकडून?"

जनुकीय समुपदेशनाच्या खोलीत रिपोर्टचं पाकीट उघडण्याआधीच हा प्रश्न येऊन बसलेला असतो. कधी आई विचारते, कधी आजी. वडील बहुधा विचारत नाहीत, भिंतीकडे बघत राहतात. वरवर वैद्यकीय वाटणारा हा प्रश्न खरं तर कोर्टातला; त्याला आरोपी हवा असतो. महिन्याभरात चौथ्यांदा ऐकला, म्हणून एका आईची गोष्ट लिहितेय. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत.

मुलगा दोन वर्षांचा. सहाव्या महिन्यात लस दिली, रात्री ताप चढला आणि पहिली फिट आली ती अर्धा तास थांबेना. पुढे दर तापाला फिट, एकदा तर गरम पाण्यानं अंघोळ घालताना. आईनं वही ठेवली होती, तीन रकाने आखून: तारीख, किती मिनिटं, आणि 'काय चुकलं'. तिसरा रकाना सगळ्यात भरगच्च. 'लस.' 'पाणी जास्त गरम.' 'मी लग्नाला नेलं.'

पहिल्या दोन भेटींत मी तेच म्हटलं जे सगळे म्हणतात, "तुमचा काही दोष नाही." तिनं मान डोलावली आणि घरी जाऊन तो रकाना भरतच राहिली. हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारलंय, पण त्यानं कुणाची रात्रीची झोप परत आल्याचं आठवत नाही. दोष काढून घेतला की त्या जागी पोकळी उरते. दोषामुळे निदान कारण तरी हाताशी असतं. म्हणून हल्ली मी 'कोणाकडून' हा प्रश्न लवकर संपवते आणि 'हे जनुक एरवी करतं काय' या प्रश्नावर वेळ घालवते.

रिपोर्टमध्ये एससीएन१ए या जनुकात बदल होता. आजार द्रावे सिंड्रोम. शार्लोट द्रावे या फ्रेंच डॉक्टरांनी १९७८ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि २००१ मध्ये त्याचा या जनुकाशी संबंध सापडला. आईवडिलांच्या रक्तात तो बदल नव्हता, म्हणजे नव्यानंच घडलेला. प्रत्येक बाळ असे साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्मतं. तुम्ही, मी, सगळेच. बहुतेक बदल निरुपद्रवी जागी पडतात, याचा नेमका इथे पडला. (असे नवे बदल जास्त करून वडिलांच्या बाजूनं येतात, पण हे मी कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. नाहीतर आरोपी तेवढा बदलतो.)

तिसऱ्या भेटीत मी कागद पुढे ओढला. मेंदूत काही पेशी ओरडणाऱ्या, काही त्यांना गप्प करणाऱ्या. दोघींचा संदेश पेशीत शिरणाऱ्या सोडियमवर धावतो. त्यासाठी दारं लागतात, आणि हे जनुक अशाच एका दाराचा आराखडा आहे. गप्प करणाऱ्या पेशींची भिस्त या दारावर फार असते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी याची एकच चालते, त्यामुळे दारं निम्मी.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे वर्गात पोरं तीच. मास्तरांचा आवाज बसलाय."

इतक्या वर्षांत इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं.

"आणि ताप आला की पोरं चेकाळतात," मी म्हटलं.

"मग तापानं हे आणलं नाही. असलेलं दिसलं."

लसीचंही तेच. लसीमुळे मेंदूला इजा झाली असं ज्यांच्याबद्दल मानलं जात होतं, अशा १४ जणांची तपासणी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या ११ जणांत याच जनुकात बदल सापडला.

मग तिनं वहीची पानं मागे उलटली. "हे बघा." एका तारखेपासून नोंदी दाट झाल्या होत्या, मिनिटंही वाढली होती. त्या आठवड्यात कार्बामाझेपिन हे फिटवरचं औषध सुरू झालेलं. तिनं तेव्हा सांगितलंही होतं, पण 'आजार वाढतोय' एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं: 'मीच औषध बदलायला लावलं.'

हे औषध सोडियमची दारं अडवतं. फिटच्या इतर अनेक रुग्णांत ते उत्तम चालतं, या आजारात मात्र झटके वाढवू शकतं. मी सांगायच्या आत ती म्हणाली, "उरलेल्या मास्तरांचं तोंड दाबलं आपण." तिची वही खरी होती आणि जनुकानं साक्ष दिली होती. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. थोडा तिचा, थोडा त्या कागदावरच्या रेघोट्यांचा.

वही घेऊन ती मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेली आणि त्यांनी टप्प्याटप्प्यानं औषध बदललं. वाचणाऱ्यांनी फिटचं कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नये. अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं. जनुकाचं नाव इंटरनेटवर शोधून घाबरूही नका. याच जनुकातले काही बदल सौम्य असतात, काही कुटुंबांत ते तापातल्या झटक्यांवरच निभावतात. त्या बदलानं दाराचं नेमकं काय केलं, ते विचारा. पुढच्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधी या. आईवडिलांचं रक्त स्वच्छ असलं तरी काही बीजपेशींत (शुक्राणू किंवा स्त्रीबीजांत) बदल असू शकतो, त्यामुळे शक्यता कमी असली तरी शून्य नसते.

तीन महिन्यांनी ती आली. फिट थांबलेल्या नव्हत्या, पण नोंदी विरळ झाल्या होत्या. नवीन पानावरही रकाने तीनच. तिसऱ्याच्या डोक्यावर आता लिहिलं होतं, 'ताप किती?'