मुंबईत वन रूम किचनमध्ये राहून मिनिएचर मॉडेल आणि प्रॉपच्या (नाटक-सिनेमात वापरलेल्या वस्तूंच्या) प्रतिकृती बनवायचा छंद जमेल का? आधी काय विकत घ्यावं? आणि पुढे यातून पैसे मिळतील का?

तीन गोष्टी विचारल्यात तुम्ही: एवढ्या जागेत जमेल का, आधी काय विकत घ्यायचं आणि पुढे यातून चार पैसे सुटतील का. जागेचं टेन्शन घेऊ नका. पैशांचं शेवटी सांगते. आणि विकत म्हणाल तर आत्ता फक्त एक मेजरिंग टेप, एक चौकटीची वही आणि पेन्सिल.

व्हिडिओ बघून लोक आधी एअरब्रश मागवतात, बाहेरचे रंग मागवतात, छोटं ड्रिल मशीन घेतात आणि मग ‘आता बनवू काय’ म्हणून विचारत बसतात. माझं स्पष्ट मत आहे, पहिलं मॉडेल अशा वस्तूचं करा जिच्यापर्यंत तुम्ही लोकलने जाऊ शकता आणि जिच्यावर टेप धरू शकता. तुमच्याच इमारतीचा जिना चालेल. कोपऱ्यावरची पानाची टपरी चालेल (पानवाल्याला आधी सांगा, नाहीतर त्याला तुम्ही महापालिकेचे वाटाल). परदेशातली गल्ली फोटोंवरून करायला घेतली की दहा ठिकाणी अंदाजपंचे काम होतं, आणि बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी खटकतं.

मग स्केल ठरवा, म्हणजे मूळ वस्तू किती पट लहान करायची ते. दिवाळीत किल्ला केला असेल तर आठवून बघा, महाराज दरवाज्यापेक्षा उंच असतात आणि बुरुजावरचा मावळा एका ढांगेत तट ओलांडेल असा. किल्ल्यात ते शोभतं, कोणी काही म्हणत नाही. मॉडेलमध्ये मात्र एक वस्तू जरी मापाबाहेरची आली तरी सगळा डाव फसतो. म्हणून भातुकलीतली पितळी भांडी आणून ठेवू नका. ती प्रत्येक वेगळ्या मापाची असतात, आणि बहुतेक सगळी फार मोठी पडतात.

नवीन माणसाला मी डोळे झाकून १:१२ सांगते. आपल्याकडे सुतार, गवंडी, ब्रोकर सगळे फुटात बोलतात, आणि १:१२ म्हणजे एक फुटाला एक इंच. हिशोबच नाही! सात फुटांचं दार सात इंचांचं होतं. बीडीडी चाळीतली (इंग्रजांच्या काळातल्या सरकारी चाळी या) खोली १६० चौरस फुटांची असते, ती १६० चौरस इंचांची होते, म्हणजे समजा १६ बाय १०. ए-थ्री कागद याहून जरा मोठाच असतो. अख्खा संसार एका कागदावर बसतो, तेव्हा जागा पुरेल का हा प्रश्न मिटला. याच्या निम्म्या मापाला १:२४ म्हणतात आणि गाड्यांसाठी ते छान. पद्मिनी टॅक्सी चार मीटरला थोडी कमी, ती साधारण १६ सेंटीमीटरची होते. रेल्वेवाले १:८७ मध्ये रमतात, बसवाले १:७६ मध्ये, रणगाडे १:३५ मध्ये येतात आणि विमानं बरीचशी १:७२ मध्ये. तयार प्लास्टिकचे किट घेणार असाल तरच हे आकडे पाठ करा.

काय निवडायचं यावरही एक आग्रह आहे. जे जाणार आहे ते आधी मोजा. काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात जुन्या लाल डिझेल डबल डेकर गेल्या. ट्राम तर ३१ मार्च १९६४ लाच बंद झाली. ती करायची असेल तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक डबा उभा आहे, म्हणजे टेप लावायची निदान सोय आहे. आता बीडीडी चाळींचा पुनर्विकास चाललाय, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, तिन्हीकडे.

माझ्या मामाची खोली नायगावला. तिचं मॉडेल करायचं ठरवलं तेव्हा मोजमापं एका दुपारी झाली, पण खरं काम मामीशी बोलण्यात होतं. वही घेऊन तिच्यासमोर बसले. “मामी, पिंप कुठे असायचं गं?” तर म्हणाली, “मोरीला लागून. वर झाकण, झाकणावर तांब्या उपडा. आणि पिंप जमिनीवर नसतं ठेवायचं, खाली दोन विटा.” त्या दोन विटा एकाही फोटोत नव्हत्या. मग ती बोलतच सुटली: अर्ध्या भिंतीपर्यंत ऑइल पेंट, त्याच्या वर चुना, स्टोच्या मागे काजळीचा पट्टा, आणि मामा पेपर वाचायला भिंतीला टेकून बसायचा तिथे डोक्याच्या तेलाचा गोल डाग. तो डाग मी दहा पैशाच्या नाण्याएवढा केलाय, पातळ व्हार्निशमध्ये बोट बुडवून पुसून काढलेला. मॉडेल बघायला आलेले नातेवाईक मांडणीतली डबे-भांडी बघून कौतुक करतात, पण त्या डागाशी येऊन थांबतात.

आता सामान. भिंतींना ५ मिलिमीटरचा सनबोर्ड (प्लास्टिकचा हलका फोम बोर्ड) घ्या, नावाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे त्याचे तुकडे पडलेले असतात, मागितले तर स्वस्तात देतात. कटर चांगला घ्या आणि पट्टी स्टीलची, प्लास्टिकची पट्टी कटर स्वतःच खातो. जोर लावून एका फटक्यात कापायला जाऊ नका, हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा, कडा सरळ येते आणि बोटं शाबूत राहतात. पात्याचं टोक बोथट वाटायच्या आधी मोडा. चिकटवायला नेहमीचा पांढरा फेविकॉल. फेविक्विक धातू आणि कडक प्लास्टिकसाठी ठेवा. थर्माकोलवर टाकलंत तर ते थर्माकोलच विरघळवून खड्डा पाडतं, स्प्रे पेंटचंही तेच. भांडी, नळ, कड्या असल्या गोष्टींना एम-सील. दोन्ही भाग नीट मळले की काही वेळ मातीसारखं हातात राहतं, ओल्या बोटाने गुळगुळीत करता येतं, आणि वाळल्यावर कानशीने घासता येतं. पिंपाला मी औषधाच्या गोळ्यांची बाटली वापरली, कडी जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारेची.

लाकूड, कापड आणि पाणी या तीन गोष्टी स्केलमध्ये लहान होत नाहीत, हे डोक्यात पक्कं ठेवा. सागाचा तुकडा कापून छोटं कपाट केलंत तरी सागाच्या रेषा मोठ्याच राहतात आणि कपाट खोटं दिसतं. त्यापेक्षा आइस्क्रीमच्या काड्या बऱ्या, त्यांच्या रेषा बारीक असतात. सागाचा रंग वरून द्यायचा. साडी करायची तर वापरून झिरझिरीत झालेलं मलमल किंवा पातळ टिश्यू पेपर, तोही फेविकॉलच्या पाण्यात भिजवून चुण्या पाडलेला, नाहीतर कापड ताठ उभं राहतं. पाण्याचा थेंब तर कुठल्याही स्केलला थेंबच राहतो, म्हणून मोरी ओली दाखवायला पाणी नाही, चकचकीत व्हार्निश. मोरीच्या शहाबादी फरशीला सनबोर्डवर राखाडी रंग देऊन पेन्सिलीच्या शिशाची पूड घासा. एवढ्यावर काम भागतं.

रंग आपले साधे अॅक्रिलिक चालतात. फक्त काळा रंग काळा देऊ नका. लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो, म्हणून टॅक्सीचा काळा थोडा राखाडीकडे झुकवा आणि पिवळ्यात थेंबभर पांढरा घाला. जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात.

खरेदीला एक शनिवार काढा आणि मशीद बंदरला उतरा. अब्दुल रेहमान स्ट्रीटला स्टेशनरी आणि क्राफ्टचं सगळं मिळतं, नागदेवीला हत्यारं, लोहार चाळीत वायरी आणि छोटे एलईडी, भुलेश्वरला मणी आणि इमिटेशनचे सुटे भाग, ज्यांतून नळाच्या चाव्या, दाराच्या मुठी, काय वाट्टेल ते निघतं. चोर बाजारात जुनी वस्तू विकत घ्यायची गरज नाही, बघायला जा. मातीत काम करायचं असेल तर गणपतीच्या आधी लालबाग-परळच्या कारखान्यांत शाडू मिळेल का विचारा. प्रेरणा म्हणून भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, राणीच्या बागेला लागून. १८७२ सालचं आहे, आणि तिथली मातीची छोटी माणसं, कारागिरांचे देखावे, होड्यांची मॉडेलं बघितली की आपल्या गावात हे काम किती जुनं आहे ते कळतं. जायच्या आधी उघडं आहे ना, तेवढं बघून घ्या.

लेझर कटिंगवाले आता बरेच आहेत. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि अॅक्रिलिक त्यांच्याकडून खुशाल कापून घ्या. सनबोर्ड मात्र लेझरवर कधीच नाही. तो पीव्हीसी असतो, जळला की अॅसिडचा वायू सोडतो. माणसालाही वाईट आणि मशीनलाही. थ्रीडी प्रिंटिंगचं विचाराल तर रेझिनवालं मशीन वन रूम किचनमध्ये आणू नका. वास, हातमोजे, अल्कोहोलने धुणं, आणि हे सगळं जिथे पोळ्या लाटायच्या तिथेच. बाहेरून प्रिंट करून घ्या.

प्रॉपचं गणित थोडं निराळं. नाटकाची प्रॉपर्टी शिवाजी मंदिरच्या दहाव्या रांगेतून खरी वाटली की झालं, तिथे तलवारीच्या मुठीवरची नक्षी जाड रेषेत रंगवतात आणि ते बरोबरच आहे. तुम्हाला हवी ती प्रतिकृती हातात घेऊन बघायची असते. मापासाठी पडद्यावरच्या त्याच दृश्यात ओळखीची वस्तू शोधा: वीट, दार, माणसाचा तळहात. आणि मूळ वस्तू प्रत्यक्ष हाताशी असेल तर शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून समोरून सरळ फोटो काढा. नाणं २७ मिलिमीटरचं असतं, बाकी सगळी मापं त्यावरून निघतात. फोटो जवळून काढू नका, लांब उभं राहून झूम करा, नाहीतर मधला भाग फुगतो.

चिलखत, ढाल, शिरस्त्राण यांना ईव्हीए फोम घ्या, योगा मॅटसारखा दिसतो तो. कापून हीट गनने हलका शेकला की वरची छिद्रं मिटतात आणि वाकवलेला आकार तसाच राहतो. जोडायला रबरबेस अॅडहेसिव्ह: दोन्ही बाजूंना लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की मग दाबायचं. खिडकी उघडी ठेवून, आणि घरात लहान मूल असेल तर गॅलरीत. बंदूक किंवा पिस्तूल हुबेहूब केलंत तर ते घरातच शोभेल. पिशवीतून घेऊन दादर स्टेशनला उतरलात तर आरपीएफला ते रबराचं आहे हे समजावेपर्यंत तुमचा दिवस जाईल. प्रदर्शनाला न्यायचंच असेल तर सुटं करून, डब्यात बंद करून न्या.

पावसाळा हा या शहरातला खरा त्रास. जून ते सप्टेंबर स्प्रे पेंट मारू नका, हवेतला ओलावा बसून वर पांढुरकी साय येते. फेविकॉल रात्रभर वाळत नाही, पुठ्ठा वाकतो, एमडीएफच्या कडा फुगतात. कागदकामाला घरची खळ वापरत असाल तर झुरळं आणि कसर ताव मारतात; जुने बाइंडर त्यात मोरचूद घालायचे, पण ते विषारी, स्वयंपाकघराजवळ मी वापरत नाही. त्या चार महिन्यांत मी मापं घेते, ड्रॉइंग करते, एम-सीलची भांडी वळते. झालेलं मॉडेल अॅक्रिलिकच्या पेटीत, आत सिलिका जेलच्या पुड्या. उघड्या शोकेसमध्ये ठेवलंत तर धूळ बसते आणि ती झटकताना पहिल्यांदा नळ तुटतो.

कामाला जागा म्हणजे माझ्याकडे एक जुना लाकडी पाट आणि एक पत्र्याची ट्रंक. पाटावर कटिंग मॅट, काम झालं की पाटासकट सगळं कॉटखाली. नवऱ्याच्या मते सुया-ब्लेड मोजून ठेवल्या तरच हा छंद संसारात टिकतो, आणि यात तो बरोबर आहे.

राहिले पैसे. ऑर्डरी येतात. ‘आमच्या जुन्या घराचं करून द्याल का’ हे सगळ्यात जास्त, कारण इमारत पुनर्विकासाला गेली की लोकांना एकदम आठवण येते. पण सामान पाचशे-हजाराचं आणि काम दोन महिन्यांच्या रात्रींचं, त्याचा भाव सांगितला की समोरचा ‘विचार करून कळवतो’ म्हणतो. सिनेमातल्या प्रॉपची प्रतिकृती स्वतःसाठी करणं वेगळं आणि विकणं वेगळं, तिथे हक्काचे प्रश्न येतात, त्यात पडू नका. नोकरी चालू ठेवा. आणि ऑर्डर घेतलीतच तर निम्मे पैसे आधी घ्या, नातेवाईक असला तरी.