आधी वस्तू उलटी करून बघा : वाचकांचे प्रश्न

जुनी चिनीमाती, ब्राँझ आणि जेड यांवर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. खूप पत्रं आली, त्यातली चार घेते. बाकीच्यांना जमेल तशी उत्तरं पाठवतेय, थोडा धीर धरा.

ताई नमस्कार. माझे पणजोबा मुंबईत एका पारशी शेटजींच्या पेढीवर होते, त्यांनी दिलेलं निळ्या नक्षीचं मोठं ताट आमच्याकडे आहे. मागे सहा चिनी अक्षरं आहेत. भाच्याने फोनवर ट्रान्सलेट केलं तर त्यात मिंग घराण्यातल्या छंगह्वा राजाचं नाव निघालं. एक डीलर दोन लाख लगेच देतो म्हणतो. देऊन टाकू का? (ठाण्याहून एक वाचक)

थांबा, घाई करू नका. दोन लाख कमी की जास्त ते नंतर बघू, पण जो माणूस लगेच देतो म्हणतो त्याला निदान एक महिना तरी थांबवायचं.

आता त्या सहा अक्षरांबद्दल. छंगह्वाचा काळ १४६५ ते १४८७. त्याच्या वेळची चिनीमाती इतकी नाजूक आणि सुंदर होती की दोनशे वर्षांनी कांगशी राजाच्या काळात (१६६२ ते १७२२) जिंगदेझन या चिनीमातीच्या गावचे कारागीर आपल्या मालावर त्याचंच नाव घालायचे, आणि त्यात दरवेळी फसवायचाच हेतू असायचा असं नाही, जुन्या कामाबद्दलचा आदर असायचा. पुढे एकोणिसाव्या शतकातही तेच चालू राहिलं आणि आज तर कारखान्यातून शिक्का मारल्यासारखं येतं. म्हणून अक्षरांवरून वय ठरत नाही, ती फार तर एक खूण झाली. खऱ्या छंगह्वाचा भाव काय असतो ते एका उदाहरणावरून कळेल, २०१४ मध्ये हाँगकाँगला त्या काळातला एक इवलासा कप, कोंबडा-कोंबडी आणि पिल्लं रंगवलेला, २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरला गेला. असे कप जगात मोजकेच उरलेत. म्हणून मनात आशा जरूर ठेवा, पण पहिलं अनुमान ते नको.

तुमच्या ताटाची खरी साक्ष त्याच्या बुडात आहे. गादीवर टॉवेल पसरा, त्यावर ताट पालथं घाला आणि दिवसाच्या उजेडात बुडाची कड बघा, म्हणजे ताट ज्या गोल कडेवर बसतं ती. भट्टीत ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) चिकटू नये म्हणून तेवढी जागा कोरी ठेवतात, त्यामुळे आतली माती तिथेच उघडी दिसते. त्या कडेवरून बोट फिरवा. जुनं ताट दीडशे वर्षं फडताळात सरकवलेलं असतं, त्यामुळे झीज एकसारखी नसते, एका बाजूला गुळगुळीत, दुसरीकडे थोडं खरखरीत, मळ आत मुरलेला. नव्या मालाला पॉलिश पेपरने घासून म्हातारपण देतात, मग दहापट भिंगातून सगळे ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसतात. मळ दाखवायला चहा नाहीतर बुटाचं पॉलिश लावलेलं असलं तर ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसल्यावर रंग बोळ्यावर येतो. आणखी एक बघा, ग्लेझ जिथे संपतं आणि माती सुरू होते तिथे बऱ्याच जुन्या भांड्यांना बारीक नारिंगी रेघ असते, मातीतल्या लोखंडाने आलेली. कधी कधी बुडाला भट्टीतली वाळूही चिकटलेली असते. मला स्वतःला ही नारिंगी रेघ बघायला फार आवडतं, कुणीतरी काही शतकांपूर्वी ते भांडं भट्टीतून बाहेर काढलं तो क्षण तिथे तसाच राहिलेला असतो.

पारशी शेटजींचा धागा मात्र मला खरा वाटतो. मुंबईचे पारशी व्यापारी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कापूस आणि अफू घेऊन कँटनला जायचे आणि येताना रेशीम, चहा, चिनीमाती आणायचे, पारशी 'गारा' साड्यांवरचं चिनी भरतकामही तिथलंच. त्यामुळे मला वाटतं तुमचं ताट एकोणिसाव्या शतकातलं, बाहेरदेशी पाठवायला बनवलेलं असावं. मिंग नसलं म्हणून ते कमी होत नाही, तुमच्या पणजोबांच्या हाताने आलंय. शेटजींचं एखादं पत्र, जुना फोटो, ते ताट कोणी कोणाला कधी दिलं, आठवतं ते सगळं कागदावर लिहून ताटासोबत ठेवा. पुढे विकायचं ठरलंच तर त्या कागदाचाही भाव होतो. आणि मुंबईला गेलात की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेली चिनी-जपानी भांडी बघून या. चांगली वस्तू डोळ्याला सवयीची झाली की फरक आपोआप कळायला लागतो, वाचून ते होत नाही.

ताई, मिस्टरांनी एका जुन्या बंगल्याच्या सामान-विक्रीतून तीन पायांचं चिनी ब्राँझचं भांडं आणलं. विकणारा तीन हजार वर्षं जुनं म्हणाला. त्यावर फिकट हिरवी पावडर येतेय, पुसली की परत येते. सासूबाई म्हणतात चिंच लावून घासून काढ, नाहीतर पितांबरी. (सांगलीहून एक वाचक)

चिंच नको, पितांबरी नको, लिंबू नको, काहीच नको! सासूबाईंचं म्हणणं पितळेच्या समईसाठी अगदी बरोबर आहे, पण इथे त्या घासण्याने भांड्याचं आयुष्य कमी होईल.

तुम्ही सांगताय ती फिकट, भुसभुशीत पावडर असेल तर तो ब्राँझचा रोग आहे, त्याला म्हणतातही तसंच. पितळेत ताक ठेवलं की कळकतं ना, तसा धातू आतून कळकतोय असं समजा. जमिनीतल्या किंवा समुद्राच्या मिठातलं क्लोराइड धातूत शिरलेलं असतं, हवेतला ओलावा मिळाला की त्याचं ॲसिड होतं, ते ॲसिड तांबं खातं, त्यातून परत तेच सुरू, असं चक्र चालू राहतं. गडद हिरवा, घट्ट, चिकटून बसलेला थर वेगळा, तो चांगला, त्याला हात लावायचा नाही. म्हणजे आत्ता करायचं एवढंच, भांडं कोरड्या हाताने (शक्यतो हातमोजे घालून) झाकण घट्ट बसेल अशा प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, भरपूर सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) टाका, आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा मीटर आत ठेवा. काटा चाळीस टक्क्यांच्या खाली राहायला हवा. सांगलीच्या पावसाळ्यात जेल दर काही दिवसांनी सुकवून परत टाकावं लागेल. मग एखाद्या कॉन्झर्वेटरला (जुन्या वस्तू जपण्याच्या तज्ज्ञाला) दाखवा, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्वेशनचं केंद्र आहे.

आता वय. तीन हजार वर्षं म्हणजे शांग किंवा झौ राजवट. त्या लोकांनी ओतकाम कसं केलं हे एकदा कळलं की तुम्ही स्वतःच अर्धी तपासणी कराल. आपल्याकडे मूर्ती आधी मेणाची करून, तिच्यावर मातीचा साचा चढवून ओततात, शांग काळात मात्र मातीचा साचा तुकड्या-तुकड्यांत करायचे, ते तुकडे आतल्या गाभ्याभोवती जुळवायचे आणि मधल्या फटीत वितळलेलं ब्राँझ ओतायचे. तुकडे जिथे जुळतात तिथे बारीक उभी शीर राहते, आणि नक्षीची मांडणीही त्या जोडांप्रमाणेच भागांत पडते. याच पद्धतीने त्यांनी ८३२ किलोचं चौकोनी भांडं ओतलं, १९३९ मध्ये चीनमधल्या आनयांगला सापडलेलं. मला तर दरवेळी हा आकडा लिहिताना हात थांबतो, एवढा धातू एकाच वेळी वितळवून ओतायचा, किती भट्ट्या, किती माणसं लागली असतील.

तुमच्या भांड्यावर जोड कुठेच नसेल आणि हिरवा थर नखाने टवके निघावा तसा निघत असेल, तर तो थर गोंदाने लावलेला असू शकतो. पण नकली म्हणून लगेच टाकू नका. चीनमध्ये सोंग काळापासून, म्हणजे जवळजवळ हजार वर्षांपासून, लोक जुन्या ब्राँझच्या प्रतिकृती हौसेने करवून घेत आलेत, त्यामुळे तुमचं भांडं दोन-तीनशे वर्षांपूर्वीची धूपदाणी असू शकतं आणि तसं असलं तर ती चांगलीच वस्तू आहे.

नमस्कार. हाँगकाँगहून जेडचं कडं घेतलं, 'हान काळातलं' म्हणून. खरं की खोटं घरी कळेल का? शिवाय इथे अमेरिकेत एका साइटवर चोळ काळातली नटराजाची ब्राँझ मूर्ती विकायला आहे, डीलरकडे कागदपत्रं आहेत. घ्यावी का? (न्यू जर्सीहून एक वाचक)

दगड कोणता ते घरी कळतं. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. कोरडं कडं तोला, समजा ५९ ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, कडं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. आता जो आकडा येईल त्याने ५९ ला भागा. २० आला तर भागाकार २.९५, म्हणजे नेफ्राइट, जुन्या चीनचं खरं जेड, जे पश्चिमेच्या खोतानकडून यायचं. ३.३ च्या आसपास आलं तर जेडाइट, म्हणजे जेडचाच दुसरा प्रकार, पण ते म्यानमारहून चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर यायला लागलं अठराव्या शतकात, म्हणजे हान काळातलं (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं) म्हणून जेडाइटचं कडं कोणी विकत असेल तर तिथेच उत्तर मिळालं. २.६ च्या जवळ आलं तर सर्पेंटाइन नाहीतर रंगवलेला क्वार्ट्झ. काच ओळखायला भिंगातून आत बुडबुडे दिसतात का बघा. चाकूने ओरखडा मारून बघतात काहीजण, ते करू नका.

वय मात्र काट्यावर कळत नाही. जेड छिन्नीने कोरत नाहीत, ते ओली वाळू लावून झिजवावं लागतं, दिवसचे दिवस. जुन्या वस्तूत भोक दोन्ही बाजूंनी पाडलेलं असतं आणि मधोमध एक पायरी राहते, दोन्ही बाजू नेमक्या जुळल्या नाहीत त्याची. तुमच्या कड्यात तसं भोक नाही, पण आतल्या बाजूने तिरपा उजेड टाकून बघा, मशीनच्या चाकाच्या एकसारख्या रेघा असतील तर ते अलीकडचं.

नटराजाबद्दल माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मी मनापासून सांगतेय. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनच्या देवळातला नटराज २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरला घेतला. त्याचीही कागदपत्रं होतीच, ती बनावट निघाली. मूर्ती २०१४ मध्ये भारतात परत आली, आणि तो विकणारा न्यूयॉर्कचा डीलर सुभाष कपूर याला २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिली. एवढ्या मोठ्या म्युझियमची ही गत झाली. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून डीलरला एकच विचारा, ही भारतातून कधी आणि कोणत्या परवानगीने निघाली? त्याने 'एका जुन्या युरोपियन कलेक्शनमधली आहे' एवढंच सांगितलं तर ते उत्तर नव्हे. चोळ काळातल्या अशा मूर्ती उत्सवात पालखीतून मिरवायच्या म्हणून घडवल्या, अजूनही कुठल्यातरी गावात त्या रिकाम्या जागेपुढे दिवा लावत असतील.

ताई, मी एकोणीस वर्षांचा आहे, आर्किऑलॉजी शिकायचंय. महिन्याला हजार-पंधराशेच बाजूला पडतात. कलेक्शन कसं सुरू करू? चौलला समुद्राकाठी चिनी भांड्यांचे तुकडे मिळतात असं ऐकलंय, आणू का? (कोल्हापूरहून एक वाचक)

तुकडे उचलू नकोस रे. चौल हे जुनं बंदर आहे, चिनी मालाची जहाजं तिथे लागायची, आणि तुकडा कुठल्या थरात कुठे पडलाय यावरूनच अभ्यासकांना ते कळतं. तू खिशात घालून घरी आणलास की तो नुसता तुकडा राहतो. आर्किऑलॉजी करायचंय ना, मग फोटो काढ, जागा लिहून ठेव आणि तिथेच राहू दे.

वर्षभर पैसे साठव. बुडालेल्या जहाजांतला माल लिलावात बऱ्यापैकी स्वस्त मिळतो, कारण तो प्रचंड निघाला. १८२२ मध्ये बुडालेल्या 'तेक सिंग' या चिनी जहाजातून साडेतीन लाखांच्या आसपास वस्तू १९९९ मध्ये वर काढल्या. राजासाठी केलेलं काही नाही, साधी वाडगी, बशा, खाऱ्या पाण्याने चमक गेलेल्या. पण एक वाडगं हातात आलं तर त्याची तारीख तुला पक्की माहीत असते, आणि बुडाची कड, ग्लेझ, निळा रंग सगळं त्याच्यावर शिकता येतं. लिलावाचं लेबल चिकटलेलं असेल तर काढू नकोस.

तोपर्यंत तुझ्या गावातच एक गोष्ट आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली रोमन समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती, टाउन हॉल म्युझियमची. आशियाई नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रावरून इथवर आलेली आहे. भिंग आणि वही घेऊन जा, अर्धा तास समोर उभा राहा, धातूचा रंग कुठे बदलतो, पाय आणि हात कसे ओतलेत ते काढून बघ. आणि काय दिसलं ते मला लिहून पाठव, मी वाट बघते.