सगळे फोटो एकाच डिस्कवर आहेत, पुरेसं आहे का?

प्रश्न : नमस्कार. आम्ही दादरला जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो. घरात 2004 पासूनचे फोटो आहेत, आधी छोटा डिजिटल कॅमेरा होता मग फोन आले, शिवाय सासऱ्यांच्या अल्बममधले मुलाने स्कॅन केलेत, सगळं मिळून 650 जीबी झालंय. जुना कॉम्प्युटर काढून टाकायचा होता म्हणून सगळं एका 1 टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकलं आणि बाकीकडचं पुसलं. आता ती डिस्क लावली की कधीकधी दिसतच नाही, दोन-तीनदा काढून लावावी लागते. मुलगा म्हणतो फोनमधले गूगल फोटोजवर आहेत, टेन्शन घेऊ नकोस. नवीन डिस्क घेऊन सगळं तिच्यावर हलवू का? गणपतीला आम्ही सगळे नाशिकला दिरांकडे असतो, त्याआधी करून टाकायचंय.
(एक वाचक, दादर)

उत्तर : ताई, नवीन डिस्क नक्की घ्या, पण हलवू नका, कॉपी करा. कट-पेस्ट अजिबात नको, मध्येच वायर निघाली तर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतील. आणि एक नाही, दोन डिस्क घ्या, 2-2 टीबीच्या.

आत्ताच्या डिस्कचं आधी बघू. पहिल्यांदा फक्त केबल बदलून बघा, बऱ्याचदा केबल किंवा तिची पिनच ढिली झालेली असते. पण लावल्यावर आतून टिक टिक आवाज येत असेल तर लगेच काढा आणि परत लावूच नका. हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरत असते आणि तिच्यावर केसाएवढंही अंतर न ठेवता हेड तरंगत असतं, ते बिघडलं असेल तर प्रत्येक वेळी चालू केलं की तबकडी अजून खरवडली जाण्याची भीती असते. अशी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची, घरी काही प्रयोग नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. 2012 मध्ये माझी डिस्क पलंगावरून खाली पडली, जेमतेम दोन फूट, चालू असताना. रिकव्हरीवाल्याने बरेच फोटो काढून दिले पण फोल्डर नाही, नावं नाहीत, नुसते आकडे. मुलीच्या बारशाचे आलेच नाहीत. माझी आई पाळण्याची दोरी धरून बसलीये आणि कॅमेऱ्याकडे न बघता बाळाकडे बघतेय असा एक फोटो होता, तो मला अजून जसाच्या तसा दिसतो. आई आता नाही. म्हणून तुमचं "बाकीकडचं पुसलं" हे वाचून पोटात गोळाच आला.

आवाज नसेल आणि डिस्क दिसली तर सगळं एकदम ओढायला जाऊ नका. आधी सासऱ्यांचे स्कॅन, मग 2004 नंतरचे कॅमेऱ्यातले, कारण ते दुसरीकडे कुठेच नाहीत. फोनमधले शेवटी. प्रत्येक फोल्डर झाला की दोन्हीकडे राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींचा आकडा आणि साइज जुळतेय का बघा, आणि अधले मधले दहा-वीस फोटो, एखादा व्हिडिओ उघडून बघा. अल्बम मात्र स्कॅन झाले म्हणून टाकू नका हं, तीही एक कॉपीच आहे.

आता मुलाचं म्हणणं. गूगलवर आहेत हे चांगलंच आहे पण फुकटची जागा 15 जीबी, ती पण जीमेल आणि ड्राइव्ह धरून, 1 जून 2021 पासून फोटोही त्यातच मोजतात. जागा भरली की नवीन फोटो चढायचे थांबतात, नोटिफिकेशन येतं आणि आपण ते बघत नाही, तेव्हा शेवटचा चढलेला फोटो कुठल्या तारखेचा आहे ते आजच बघा. दुसरं म्हणजे बॅकअप झालेला फोटो फोनवरच्या गूगल फोटोजमधून डिलीट केला की तो गूगलवरूनही जातो, फक्त 60 दिवस ट्रॅशमध्ये राहतो. म्हणजे नातवंडाच्या हातात फोन गेला तरी पुरे. त्यामुळे क्लाउड, म्हणजे गूगलवरची कॉपी, असू द्या, पैसे भरून सगळे 650 जीबी चढवलेत तर उत्तमच, पण डिस्क हवीच. फॅमिली ग्रुपवरचे व्हॉट्सॲपचे फोटो बॅकअप धरू नका, ते बारीक होऊन येतात, लग्नकार्यातले ओरिजिनल डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या.

आणि तुम्ही तळमजल्यावर आहात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, कितीतरी घरांत अल्बमची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाली. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर तसंच पाणी दोघींना एकदमच गाठेल. एक घरी ठेवा, वरच्या फळीवर, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आपल्याकडची दमट हवा आहे ना. दुसरी नाशिकला दिरांकडे. दरवर्षी गणपतीला जाताना घरची ताजी डिस्क न्यायची आणि तिकडची परत आणायची, घरी आली की तिच्यावर वर्षभरातले नवीन फोटो चढवायचे, आणि डिस्कवर पट्टी चिकटवून पेनाने तारीख लिहायची. नाशिकला सगळे जमलेले असताना तीच डिस्क टीव्हीला लावा, सासऱ्यांच्या फोटोंत मागच्या रांगेत कोण कोण उभं आहे ते मोठ्यांना विचारून त्याच दिवशी लिहून घ्या.