कॉल कोणाचा, ते आधी ठरवा

रग्बीत स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांनी भिडून चेंडूसाठी एकमेकांना रेटणं. त्याच्या दुसऱ्या फळीत खांद्याला खांदा लावून ढकलणारे दोघे म्हणजे लॉक. या वेळची जवळजवळ सगळी पत्रं त्यांच्याविषयी आहेत. मी स्वतः बारा हंगाम याच जागेवर खेळलो आणि नंतर फॉरवर्ड्सना, म्हणजे स्क्रममधल्या आठांना, शिकवत आलो, त्यामुळे पहिलं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : मी एका क्लबच्या संघाला शिकवतो. यंदा माझ्याकडे चार लॉक आहेत. पहिला दोन मीटर उंच, हवेत चेंडू काढण्यात पटाईत, पण वजनाला हलका. दुसरा जवळपास तितकाच उंच, बांधा मध्यम, लाइनआउटचे (चेंडू कडेनं बाहेर गेल्यावर दोन रांगांच्या मधे फेकून तो पुन्हा खेळात आणतात ते) कॉल, म्हणजे चेंडू कुठे फेकायचा याचे इशारे, तोच देतो. तिसरा १९३ सेंटिमीटर, १२० किलो. टॅकल (समोरच्याला धरून पाडणं) आणि रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूसाठीची रेटारेटी) कोणाला ऐकत नाही, पण उडीच्या नावानं शून्य. चौथा नवखा, सगळं थोडं थोडं येतं. सर्वांत गुणी पहिले दोघे, म्हणून त्यांनाच खेळवलं. लाइनआउट झकास झाले, सामने मात्र दोन्ही हरलो. माझं काय चुकलं?

तुमचं पत्र वाचता वाचता मला माझा एक टाइटहेड प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीतला उजवीकडचा खेळाडू, आठवला. प्रशिक्षक म्हणून माझा दुसराच हंगाम होता. माझ्याकडेही दोन उंच, सडपातळ, सुरेख झेपावणारे लॉक होते आणि मी दोघांना एकत्र उतरवलं. लाइनआउटला आमचा एकही चेंडू गेला नाही. स्क्रम मात्र पहिल्यापासून मागे. मध्यंतराला हा प्रॉप भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसला होता, मानेवर बर्फाची पिशवी. चिडला नव्हता. एवढंच म्हणाला, "सर, मागे कोणी आहे की नाही तेच कळत नाहीये." तो उठला तेव्हा माझं लक्ष त्याच्या शॉर्ट्सकडे गेलं. लॉक आपला बाहेरचा हात प्रॉपच्या पायांमधून घालतो आणि पुढून कमरपट्टी मुठीत धरतो. मागे नेटानं रेटणारा लॉक असेल, तर अर्ध्या सामन्यात तिथलं कापड पिळवटून निघतं, शिवण उसवते. याची कमरपट्टी कोरी करकरीत होती. तेव्हापासून जोडी ठरवण्याआधी मी टाइटहेडला विचारतो, मागे कोण हवा?

विचारायचं त्यालाच, कारण स्क्रमचा भार सारखा वाटला जात नाही. लूजहेडचा, म्हणजे डावीकडच्या प्रॉपचा, एक खांदा मोकळा असतो. टाइटहेडचं डोकं मात्र समोरचा लूजहेड आणि हुकर (दोन प्रॉपच्या मधला खेळाडू) यांच्या मधे अडकतं, दोन्ही खांद्यांवर माणूस येतो. त्याला तिथे टिकायचं तर मागून, म्हणजे उजव्या बाजूच्या लॉककडून, सतत रेटा यावा लागतो. म्हणून तुमचा १२० किलोवाला तिथे हवा. अर्थात नुसतं वजन पुरत नाही. स्क्रम भिडल्यावर त्याच्या बुटांकडे बघा. बूट घसरून पुन्हा पुन्हा जागा शोधत असतील, तर त्याचं वजन जमिनीत जातंय, प्रॉपला त्याचा उपयोग नाही. पाय मागे रोवलेले, गुडघे वाकलेले, पाठ सपाट, आणि चेंडू आत येईपर्यंत तोच ताण धरलेला, असा लॉक मला शंभर किलोचाही चालेल.

आता लाइनआउट. इथे तुम्ही उंची मोजलीत. मी असतो तर आधी कॉल कोणाचा ते ठरवलं असतं. कॉल देणाऱ्याला रांग लागायच्या आत समोरच्यांचे उचलणारे कुठे उभे आहेत, त्यांचा उडणारा कोणत्या पायावर भार देतोय, कुठे फट आहे, हे सगळं टिपायचं असतं. दोन-चार श्वासांचं काम. हुकर चेंडू फेकतो तो माणसाकडे फेकत नाही, जागेकडे फेकतो. माणूस तिथे नंतर पोचतो. हुकर आणि कॉल देणारा यांचं हे गणित जमायला महिने लागतात. तुमच्याकडे ते दुसऱ्या लॉकशी जमलेलं आहे. म्हणजे तो पक्का. त्याला बाहेर बसवण्याचा विचारही करू नका.

राहता राहिला प्रश्न त्याच्या जोडीदाराचा. त्याला जे जमत नाही ते ज्याला जमतं, तो जोडीदार. म्हणून तिसरा. "पण तो उडत नाही," असं तुम्ही म्हणाल. न उडेना. त्याला उचलायला लावा. १२० किलोचा माणूस खाली भक्कम उभा राहून दुसऱ्याला वर धरतो, तेव्हा हवेतला माणूस हलत नाही. आणि चेंडू हातात आल्यावर मॉल (चेंडूवाल्याभोवती उभ्यानं जमून पुढे रेटणारा घोळका) बांधायला तोच सगळ्यांत आधी पोचलेला असतो.

उडायला मात्र एकाहून जास्त पर्याय हवेत, नाहीतर समोरचे सगळे तुमच्या दुसऱ्यावरच झडप घालतील. तो पर्याय म्हणजे तुमचा पहिला, पण ६ नंबरवर, ब्लाइंडसाइड फ्लँकर (स्क्रमच्या कडेला, मैदानाच्या अरुंद बाजूकडे जोडलेला खेळाडू) म्हणून. उंच लॉकनं ६ नंबरवर खेळणं मुळीच नवं नाही. १९९५च्या विश्वचषक अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेनं कोबस विसे आणि हॅनेस स्ट्रायडम अशी जोडी उतरवली आणि मार्क अँड्र्यूज या तिसऱ्या लॉकला तर ८ नंबरवर, म्हणजे स्क्रमच्या सर्वांत मागे, खेळवलं. तो सामना ते जिंकले. तुमच्या पहिल्याला मैदानभर धावण्याइतका दम आहे का, एवढं मात्र सरावात तपासून घ्या. दम नसेल तर तो राखीव आणि शेवटची पंचवीस मिनिटं त्याची.

राखीव खेळाडूंबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. कॉल देणारा दुसरा माणूस बाकावर असलाच पाहिजे. २०१९च्या अंतिम सामन्यात, योकोहामाला, पहिल्या सत्रातच दक्षिण आफ्रिकेच्या लूड द याखरचा खांदा गेला. त्याच्या जागी फ्रँको मोस्टर्ट आला, तो स्वतः लाइनआउटचा जाणकार. त्या दिवशी बाकावर आठांपैकी सहा फॉरवर्ड होते आणि त्यांत मोस्टर्ट आणि आरजी स्नायमन असे दोन पूर्ण तयार लॉक. इंग्लंड ३२-१२ असं हरलं. तुमचा चौथा, तो नवखा, आजपासून कॉल देणाऱ्या दुसऱ्या लॉकच्या शेजारी उभा करा आणि सरावात दर तिसरा कॉल त्याच्याकडून घ्या. चुकेल. चुकू द्या.

प्रश्न : आजवरची सर्वोत्तम लॉक जोडी कोणती?

माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे: बाकीस बोथा आणि व्हिक्टर मॅटफिल्ड. दोघं ६३ कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय, सामन्यांत एकत्र सुरुवातीला उतरले. २००७च्या विश्वचषक अंतिम सामन्यात, पॅरिसला, दक्षिण आफ्रिकेनं इंग्लंडला १५-६ हरवलं आणि सामनावीर ठरला मॅटफिल्ड. समोरच्यांचे कॉल अभ्यासून त्यांच्याच फेकीचे चेंडू पळवायचा तो. पण मी तरुणांना ध्वनिचित्रफीत दाखवतो ती बोथाची. मॅटफिल्ड हवेतून खाली येतो त्या क्षणी बोथा कुठे असतो ते बघा, असं सांगतो. तो पोचलेला असतो. रकमध्ये शिरून समोरच्याला उचलून बाजूला करणं हे काम गुणफलकावर दिसत नाही, ते त्यानं वर्षानुवर्षं केलं.

न्यूझीलंडचे सॅम व्हाइटलॉक आणि ब्रोडी रिटॅलिक हा वेगळाच नमुना. एक उडणारा, एक ढकलणारा ही वाटणी त्यांना लागूच पडत नाही. दोघांनाही दोन्ही येतं. रिटॅलिक २०१४चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, व्हाइटलॉक १५३ कसोटी खेळलेला. २०१५चा विश्वचषक त्यांनी मिळून जिंकला. मला त्यांच्यातलं सगळ्यांत भावलेलं दृश्य मात्र २०२३चं आहे, आणि त्यात व्हाइटलॉक सुरुवातीच्या पंधरांत नव्हताच. विश्वचषकाचा आयर्लंडविरुद्ध उपउपांत्य सामना, न्यूझीलंड २८-२४ असं पुढे, आयर्लंडचे सदतीस फेज (एका टॅकलपासून पुढच्या टॅकलपर्यंतचे फेरे) झालेले. पस्तिशीचा हा माणूस बाकावरून आलेला, आणि शेवटच्या रकमध्ये चेंडूवर हात त्याचे. तिथेच सामना संपला. इतक्या अनुभवी लॉकला बाकावर बसवण्याचं धाडस प्रशिक्षकानं केलं, आणि त्यानं ते मन लावून निभावलं, या दोन्ही गोष्टींचा मला आदर वाटतो.

प्रश्न : २०१५च्या विश्वचषकात इंग्लंडनं वेल्सविरुद्ध बरोबरीची पेनल्टी सोडून लाइनआउट घेतला. तो निर्णय मूर्खपणाचा नव्हता का?

ट्विकनमचा तो सामना. इंग्लंड २५-२८ असं मागे, शेवटची मिनिटं, आणि कर्णधार ख्रिस रॉबशॉनं गोलवर किक न मारता चेंडू कोपऱ्यात मारायला सांगितला. सगळी टीका या निर्णयावर झाली. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. घरचं मैदान होतं, जिंकायचं होतं. मला खटकला तो पुढचा कॉल. चेंडू रांगेच्या अगदी पुढच्या टोकाला टाकला. ती फेक सर्वांत सुरक्षित, हे खरं. पण तिथे मॉल टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, चिकटून बांधला जातो. वेल्सनं फक्त बाजूनं रेटायचं होतं, त्यांनी रेटलं, सगळं लटांबर मैदानाबाहेर गेलं. मधे टाकला असता तर चेंडू हरवायची भीती जास्त होती, पण ढकलायला दोन्ही बाजूंनी जागा मिळाली असती. असा कॉल थकलेल्या डोक्यानं द्यावा लागतो, म्हणून मी सराव संपता संपता, सगळे वाकून धापा टाकत असताना, लाइनआउट घेतो.

प्रश्न : ४ नंबर आणि ५ नंबर यांत नेमका फरक काय?

देशोदेशी संकेत वेगळे. दक्षिण आफ्रिकेत ४ म्हणजे धिप्पाड, दणकट. ५ म्हणजे लाइनआउटचा सूत्रधार. बोथा ४, मॅटफिल्ड ५. दुसरीकडे ही वाटणी अशीच असेल असं नाही. पाठीवरच्या आकड्यावर जाऊ नका. स्क्रममध्ये उजवीकडे कोण आणि कॉल कोणाचा, एवढं विचारा.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. उंची १९४ सेंटिमीटर, अंगानं काटकुळा. लॉक व्हायचंय, पण सगळे म्हणतात आधी वजन वाढव. मला जमेल का?

जमेल. ऑस्ट्रेलियाचा जॉन ईल्स १९९१चा विश्वचषक अंतिम सामना खेळला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. दोन मीटर उंच. त्या सामन्यात इंग्लंडचा रॉब अँड्र्यू मोकळा सुटला होता, ईल्सनं आडवं धावत जाऊन त्याला पाडलं. ऑस्ट्रेलिया १२-६ जिंकली. तो टॅकल वजनानं झाला नाही.

वजन येईल, घाई करू नकोस. तोवर मान आणि कंबर मजबूत कर, आणि खाली वाकून पाठ सपाट ठेवायला शीक. हे नीट येईपर्यंत स्क्रम मशीनवरच ढकल. समोर माणसं घ्यायची ती तुझे प्रशिक्षक हो म्हणतील तेव्हाच. लाइनआउटला फक्त उडू नकोस, दुसऱ्याला उचलायलाही शीक. खालून उचललं की कळतं, वरच्या माणसानं अंग ताठ ठेवलं नाही तर किती जड होतो तो.

आणि कान. स्क्रममध्ये डोकं हुकर आणि प्रॉपच्या कमरांच्या मधे जातं, कान दोन्हीकडून घासतात. पहिल्या सरावापासून टेप लाव. आधी कानांवर व्हॅसलिन, मग कपाळावरून मागे घेत दोन वेढे, कान डोक्याला सपाट चिकटतील इतके घट्ट. डोकं दुखायला लागलं तर एक वेढा सैल कर, पण टेप काढून खेळू नकोस.