सहा-सात वर्षांच्या मुलांना पुस्तकांतून ग्रीक पुराणकथांची ओळख कशी करून द्यावी?

देवांच्या वंशावळीपासून सुरुवात करू नका. मोठ्या चित्रांचं, एकच गोष्ट असलेलं पातळ पुस्तक घ्या आणि ते इंग्रजी असलं तरी चित्रं दाखवत गोष्ट घरच्या बोलीत सांगा. यवतमाळकडच्या एका खेड्यात मी दुसरीला शिकवते, तिथे हेच जमलं. ज्यांची खूण गावातच सापडते अशा गोष्टी आधी निवडा. अरॅक्नी नावाची विणकर पोरगी विणकामात अथीना देवीशी पैज लावते आणि शेवटी कोळी होते, तर तुरीच्या झाडावरचं जाळं दाखवा. सगळ्यात जास्त रमतात ती पर्सेफोनीच्या गोष्टीत. पाताळात तिनं डाळिंबाचे दाणे खाल्ले, म्हणून दरवर्षी काही महिने तिला तिथे राहावं लागतं. तेवढे दिवस तिची आई डिमीटर, म्हणजे धान्याची देवी, शेतात काही उगवू देत नाही. रिकामं वावर पाहिलेल्या पोरांना हे लगेच कळतं. मी डाळिंब सोलतच ही गोष्ट वाचते. एका पोरीनं दाणा हातात तसाच धरून विचारलं, "मंग तिनं ते दाने थुकून काऊन नाही देल्ले?" पुढचा सगळा तास त्यावरच गेला. मात्र पुस्तक आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा. देवांचा बाप क्रोनस स्वतःची लेकरं गिळतो किंवा केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसाचं मुंडकं छाटलं जातं, अशा गोष्टी नऊ-दहा वर्षांपर्यंत बाजूला ठेवा, विशेषतः झोपायच्या वेळी वाचत असाल तर.