पंधरा हजार घेतले, सही केली. आता दावा होतो का?

प्रश्न : माझे पती (वय 40) अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होते. ऑगस्ट 2025 मध्ये गिअरमध्ये सापडून उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. मालकांनी पंधरा हजार दिले आणि ‘आता काही मागणं नाही’ अशा कागदावर सही घेतली. झेरॉक्स आमच्याकडे आहे. ‘चालू मागात हात घातला, चूक तुमची,’ म्हणतात. मजुरी नगावर, महिन्याला बारा हजार पडायची. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, ती झेरॉक्स जपून ठेवा. अपघात कारखान्यात झाला, हे मालकांनी त्यात स्वतःच लिहून दिलंय. हक्क सोडल्याचा असा करार 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 17 ने रद्दबातल ठरतो. (नोव्हेंबर 2025 पासून त्याजागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण तुमचा अपघात त्याआधीचा.) शिवाय तडजोड आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, नोंदवावी लागते. ती नोंदवली नसेल, तर पंधरा हजारांतले निम्म्याहून जास्त मालकांना भरपाईतून सहसा वळते करता येत नाहीत. ते ‘उचल दिली होती’ म्हणतील; दरवेळी म्हणतात.

हयगयीचं म्हणाल, तर नुसत्या हयगयीने भरपाई बुडत नाही. दारू प्यायलेला असणं किंवा यंत्राचं गार्ड (संरक्षक झाकण) मुद्दाम काढणं, ही गोष्ट वेगळी.

आता हिशेब. बारा हजारांचे 60 टक्के 7,200. कायद्यात वयानुसार ठरलेला चाळिशीचा गुणक 184.17. गुणाकार 13,26,024. तर्जनीची दोन पेरं म्हणजे कायद्याच्या तक्त्यात कमाईच्या क्षमतेचं 11 टक्के नुकसान, म्हणून 1,45,863 रुपये. औषधपाण्याचा खर्च वेगळा आणि थकलेल्या रकमेवर 12 टक्के व्याज.

मात्र मजुरीतून ईएसआय (कामगार राज्य विमा योजनेची वर्गणी) कापत होते का, ते आधी पाहा. कापत असतील तर पैसे विमा महामंडळाकडून मिळतात, मालकावर हा दावा चालत नाही. ईएसआय लागू होऊ नये म्हणून एकाच शेडवर तीन पाट्या लावून कामगार दहाच्या खाली दाखवलेले मी पाहिलेत, तेव्हा मालकाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

मुदत अपघातापासून दोन वर्षं. वकिलाकडे जाण्याआधी दवाखान्यातून केसपेपर काढा आणि अपघात कसा झाला म्हणून लिहिलंय ते वाचा. मालकाच्या सांगण्यावरून ‘घरी पडलो’ असं सांगणारे खूप भेटलेत. तसं लिहिलेलं निघालं, तर शेजारच्या मागावर तेव्हा कोण होतं ते विचारून मला परत लिहा.