वडिलांना मधुमेह आहे. तळपायाची जखम दोन महिने भरत नाहीये, दुखत मात्र अजिबात नाही. कोणतं मलम चांगलं?

मलमाचं नाव विचारलंत म्हणून लिहायला बसले, कारण आमच्या घरात याच प्रश्नापायी पाच महिने वाया गेले आणि माझं नि दादाचं बोलणं बंद व्हायची वेळ आली.

तळपायाची अशी जखम मलमाने भरत नाही, तिच्यावरचा भार निघाला की भरते. "दुखत नाही" हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंय, पण घोळ तिथेच आहे. पाय बधिर झाला की माणूस लंगडत नाही, आणि लंगडत नाही म्हणून दर पावलाला त्याच जागेवर वजन टाकत राहतो.

बाबांच्या मोज्यावर मला चवड्याच्या जागी बटणाएवढा ओला डाग दिसला. अंगठ्याच्या मुळाशी जुना घट्टा होता, पिवळट आणि कडक. डॉक्टरांनी तो ब्लेडने तासत नेला तर खाली पोकळी निघाली, आत जखम. ती कधीपासून होती कोण जाणे! बाबा पेपर वाचत पडले होते. "झालं का?" एवढंच त्यांनी विचारलं. ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला.

डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात ते. ते पायाला सगळीकडून लागून बसतं, त्यामुळे वजन जखमेवर न पडता पायभर वाटलं जातं. दादा भडकला. "उघड्या जखमेवर प्लास्टर? आत कोंडून सडेल." चार दिवसांत त्याने दुसरीकडे नेऊन ते कापून घेतलं. बदल्यात काढता-घालता येणारा उंच बूट आला आणि एकामागून एक मलमं सुरू झाली. बूट चांगलाच होता. पण बाबा उंबऱ्यातच तो काढून ठेवायचे, "घरातल्या घरात कशाला" म्हणून. रात्री बाथरूमला जायचे तेही अनवाणीच.

हे फक्त आमच्या बाबांचं नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशाच रुग्णांच्या कमरेला पावलं मोजणारं यंत्र लावलं आणि दुसरं त्यांना न सांगता बुटात बसवलं. दोन्ही आकडे ताडून पाहिले तर दिवसभराच्या चालण्यातलं जेमतेम 28 टक्के चालणं बूट घालून झालं होतं. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनाही चवड्याच्या जखमेसाठी हेच सांगतात: पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, रुग्णाला काढता न येणाऱ्या साधनाला. प्लास्टरचा गुण नेमका तोच, ते काढता येत नाही.

शेवटी मी हट्टाला पेटले आणि बाबांना परत पहिल्या डॉक्टरांकडे नेलं. दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं, कडेचा घट्टा तासायचा. सातव्या आठवड्यात जखम मिटली. दादा अजून म्हणतो की शेवटचं मलम लागू पडलं. प्लास्टरच्या आत मलम नव्हतंच, साधी कोरडी पट्टी होती. दर वेळी मी समोर उभी होते.

तेव्हा तुम्ही मलम शोधणं थांबवा आणि डॉक्टरांना एवढंच विचारा, की या जागेवरचा भार कसा काढणार?

आणि हो, प्लास्टर सरसकट सगळ्यांना चालत नाही. आधी पायात रक्त नीट पोचतंय का ते डॉप्लरने बघायला हवं, जखम हाडापर्यंत गेली नाही ना तेही. पू असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. लाली वर सरकत असेल, वास येत असेल किंवा ताप आला असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आजच हॉस्पिटल गाठा. भरल्यावरही गाफील राहू नका, साधारण 40 टक्के लोकांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. बाबांनी बूट घालण्याआधी मी अजून रोज आत हात फिरवून बघते.